घरटी एक माणूस

देशासाठी जो लढतो त्याचं नाव कधीच पुसलं जात नाही. हे वाक्य माझं नाही. आमच्या गावात शिरताना उजव्या हाताला जो दगड आहे त्यावर ते कोरलेलं आहे, आणि अक्षरं चांगली बोटभर खोल आहेत. वाक्याखाली नावांसाठी ऐसपैस जागा सोडली होती. तिथे एकच नाव कोरलं गेलं. ज्याचं ते नाव आहे तो माणूस लढला नाही, फौजेत गेला नाही, आणि बटाट्याच्या बाजारापलीकडचं जग त्याने पाहिलेलं नाही. तो आमच्या शेजारचा थोरला.

लढला तो त्याचा भाऊ, धाकटा. धाकट्याचं नाव कधी पुसलं गेलं नाही हे मात्र खरं. ते कुठे लिहिलेलंच नव्हतं.

यात कुणाची लबाडी होती असं समजू नका. लबाडीला जेवढं डोकं लागतं तेवढं त्या घरात कुणाचंच रिकामं नव्हतं. आमच्या गावाचा बंधारा मातीचा आहे. दर पावसाआधी तो कुठेतरी खचतो, आणि मग तो बांधायला घरटी एक माणूस लागतो. मुकादम बंधाऱ्यावर उभा राहून एकेका घराच्या कर्त्याचं नाव पुकारतो, आणि त्या घरातलं जे कोणी रिकामं असेल ते 'हजर' म्हणतं. बाप आजारी असेल तर मुलगा, मुलगा परगावी असेल तर सून. एका म्हातारीच्या नावाला तिचा जावई कितीतरी वर्षं 'हजर' म्हणत आला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. माती कुणाच्या टोपलीतून पडली हे बंधारा विचारत नाही.

लढाईच्या दिवसांत फौजेचं बोलावणं आलं ते थोरल्याच्या नावाने. त्यांच्या बापाने कागद उलटसुलट करून पाहिला. वाचता येत नव्हतंच.

"किती माणसं मागितलीत?" त्याने विचारलं.

"एक," कागद आणणारा म्हणाला.

"मग हरकत नाही."

थोरल्याचा नांगर दोरी धरल्यासारखा सरळ चालायचा. धाकट्याच्या सऱ्या बघायला बैलसुद्धा मागे वळायचे. बापाने धाकट्याला पाठवलं. फौजेच्या मैदानावर थोरल्याचं नाव पुकारलं गेलं आणि धाकटा म्हणाला, "हजर." बंधाऱ्यावर म्हणायचा तसाच. पुढे गुडघा जाईपर्यंत तो हजर राहिला.

परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती, न वळणारा उजवा गुडघा होता आणि फौजेतून सुटल्याचं एक पातळसं पुस्तक होतं. पुस्तकात फोटो धाकट्याचा, जखम धाकट्याची, आणि मधे सुट्टीवर येऊन लग्न केलं होतं म्हणून पत्नीच्या रकान्यात धाकटीचं नाव. सैनिकाच्या रकान्यात तेवढं थोरल्याचं. पेन्शन पोस्टमन घेऊन यायचा. तो दोघांना लहानपणापासून ओळखत होता. पैसे धाकट्याच्या हातात ठेवायचा आणि सही थोरल्याच्या नावाची घ्यायचा. आमचा सगळा गाव तोंड बघून चालतो. तोंड बघून चालणाऱ्या गावात नावाची फारशी अडचण होत नाही.

अडचण झाली ती खुर्चीची. वर्षातून एकदा माजी सैनिकांचा मेळावा भरतो. पहिलं आमंत्रण आलं त्या दिवशी धाकट्याची पाण्याची पाळी होती. तो म्हणाला, "दादा, नाव तुझंच आहे, तू जाऊन ये." थोरला गेला. त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, छातीवर बिल्ला मिळाला, आणि दोन शब्द बोला म्हणाले. थोरला बरेच शब्द बोलला. मक्याच्या राखणीला बसून धाकट्याने एका हिवाळ्यात त्याला फौजेच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि पुन्हा कुणालाच सांगितल्या नव्हत्या. थोरल्याच्या त्या तोंडपाठ होत्या. पुढे धाकट्याची पाण्याची पाळी नेमकी मेळाव्याच्या दिवशीच येऊ लागली. दगड कोरायची वेळ आली तेव्हा गावच्या पुढाऱ्याने कागदावरचं नाव दिलं, आणि कोरणारा परगावचा होता.

"गुडघा गेला आमच्या घरचा," धाकटी तेव्हा म्हणाली होती, "आणि खुर्ची आली यांच्या घरी."

त्यानंतर ती थोरल्याशी बोलली नाही. बोलायचीच वेळ आली तर भिंतीकडे बघून बोलायची, आणि ते थोरल्याला सांगायचं काम भिंतीचं.

यंदा बटाटे काढायला घेतले तेव्हा जमीन अजून ओली होती. चिखल पाय सोडत नव्हता, वारा कानात शिरत होता. दोन्ही घरांची माणसं शेजारच्या सऱ्यांत वाकलेली. मधेच धाकटी सरीत बसली आणि उठेना.

"काय गं, दुकान मांडलंस का तिथं?" थोरलीने पलीकडून विचारलं. थोरली म्हणजे थोरल्याची बायको. दोघी जावांचं भांडण नव्हतं. भांडायला त्यांना आपापले नवरे होते.

"श्वास शोधतेय," धाकटी म्हणाली. "इथंच कुठंतरी पडला."

थोरली हसली, आणि पुढचे चार बटाटे निघेपर्यंत हसतच होती. मग तिने मान वर केली. धाकटीचे ओठ जांभळे झाले होते.

मोठ्या गावच्या डॉक्टरने तिला तपासलं, यंत्रावर निजवलं, आणि धाकट्याला बाहेर बोलावलं.

"हृदयाला झडपा असतात. यांची एक झडप आखडलीय. दाराची बिजागरी गंजते ना, तसं. रक्त नुसतं फटीतून जातंय."

"तेल देऊन काही?" धाकट्याने विचारलं. तो फौजेत खेचरांच्या तुकडीत होता. गंजलेल्या कड्या त्याने पुष्कळ सोडवल्या होत्या.

"झडप बदलावी लागेल. थंडी सरायच्या आत. नाहीतर मग..."

"मग?"

डॉक्टरने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती. मग त्याने एका खासगी दवाखान्याचं नाव काढलं, धाकट्याच्या चपला बघितल्या, आणि ते नाव स्वतःच मागे घेतलं. "तुम्ही फौजी ना? फौजेच्या दवाखान्यात जा. सैनिकाच्या बायकोला तिथं सगळं मोफत होतं."

फौजेच्या दवाखान्यात खिडकीत एक बाई बसली होती. तिने पुस्तक मागितलं, धाकट्याने दिलं. ओळखपत्र मागितलं, तेही दिलं. दोन्ही तिने शेजारी शेजारी ठेवली आणि जोड जमतो का बघावं तशी बघत राहिली.

"हे पुस्तक कुणाचं?"

"माझं."

"नाव दुसऱ्याचं आहे."

"भावाचं आहे. गेलो मी होतो."

"मग भाऊ कुठं गेला होता?"

"नांगरायला."

बाईने पेन खाली ठेवलं. "काका, ज्याचं पुस्तक आहे त्याला घेऊन या. नाहीतर पुस्तकातलं नाव बदलून आणा."

"आणतो. तोवर हिला आत घ्या. अडलाय तो हिचा श्वास."

"सैनिकाच्या बायकोलाच आत घेता येतं."

"मग ही कोण?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतेय."

धाकटी बाकावर सुजलेले पाय लांब करून बसली होती. "काय म्हणाली?"

"नाव बदलून आणा म्हणाली."

"कुणाचं?"

"माझं."

"आता या वयात?" धाकटी म्हणाली, आणि एवढ्या बोलण्याने तिला धाप लागली.

नावं बदलायची कचेरी आणखी पुढच्या शहरात. तिच्या दारात झाडाखाली एक टायपिंगवाला बसतो. त्याने धाकट्याची सगळी हकीकत ऐकून घेतली, मशीनमध्ये कागद सरकवला आणि म्हणाला, "इतकी वर्षं इथं बसतोय. मी टाइप केलेला एकही अर्ज अजून मंजूर झालेला नाही. हे आधी सांगितलेलं बरं. काही लोक नंतर भांडतात."

आत कारकून होता. त्याने अर्ज वाचला, चष्मा काढला.

"नाव चुकून लागलं असं लिहिलंय तुम्ही. फौजेत रायफल चुकून सुटते, काका. नाव चुकून लागत नाही."

"चूक नव्हती साहेब. बाबांनी पाठवलं."

"बाबा फौजेत होते?"

"नाही, शेतात."

"म्हणजे ठरवून गेलात. हे बघा, चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज असतो. ठरवून केलेल्या गोष्टीला अर्ज नसतो, शिक्षा असते."

ही एकच भीती उराशी धरून धाकटा इतकी वर्षं गप्प होता. पण आज त्याला भीतीसाठी वेळ नव्हता. "शिक्षा द्या," तो म्हणाला. "आधी तिची झडप बदला, मग द्या."

कारकून वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाकडून काही ना काही करून काम तरी होतं. तो म्हणाला, "भावाचं प्रतिज्ञापत्र आणा. मी फौजेत कधीच नव्हतो, असं त्यानं लिहून द्यायचं. मग आपण त्याला चूक म्हणू."

थोरला तेव्हा गोठ्यात बैलाच्या खुरातला खडा काढत बसला होता. धाकट्याने सगळं सांगितलं. थोरल्याने खूर सोडला नाही.

"म्हणजे मी लिहून द्यायचं, की मी फौजेत नव्हतो."

"तू नव्हतासच, दादा."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. पण आजवर कुणी माझ्या तोंडावर म्हणालंय?"

"नाही."

"आणि आता ते मीच म्हणायचं." बैलाने पाय झटकला. "मेळाव्यात माझ्या शेजारी हात गेलेला एक म्हातारा बसतो. दर वर्षी म्हणतो, ती खेचराची गोष्ट सांगा. त्याला काय सांगू?"

"सांगा, त्या गोष्टीतलं खेचर म्हणजे मीच," थोरली चारा टाकता टाकता म्हणाली.

थोरल्याने सही केली नाही. 'बघू' म्हणाला. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही, फक्त पुन्हा विचारायला यायची सोय ठेवलेली असते. धाकटा पुन्हा पुन्हा विचारत राहिला. थोरल्याला कधी बाजार होता, कधी बैल आजारी होता, एकदा तर त्याला स्वतःलाच बरं नव्हतं, आणि तेही त्याने लंगडत येऊन सांगितलं.

मग एके दुपारी तो फावडं मागायला धाकट्याच्या घरात गेला. घरात धाकटी एकटीच होती. तिला आता आडवं होता येत नव्हतं. आडवी झाली की छातीवर कुणी पाय देऊन उभं राहतं, असं तिचं म्हणणं. ती बटाट्याच्या पोत्यांना टेकून, दोन्ही तळवे जमिनीवर रोवून बसली होती आणि खोल विहिरीतून पाणी शेंदावं तसा एकेक श्वास ओढत होती. एक वर आला की दुसऱ्यासाठी पुन्हा खाली. थोरल्याला बघून तिने सवयीने भिंतीकडे मान वळवायला घेतली. पण मान वळवायलाही श्वास लागतो. तो नव्हता, म्हणून ती त्याच्याकडेच बघत राहिली.

थोरला फावडं न घेताच गेला. संध्याकाळी त्याने सही केली. त्यानंतर तो फौजेच्या गोष्टी सांगायला दुकानापुढच्या बाकावर यायचा बंद झाला. आम्ही बोलावलं तर म्हणाला, "काय येऊ? माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही."

अर्ज गेला. उत्तर आलं की अर्ज मिळाला. मग बरेच दिवस काही आलं नाही. मग आलं की आपण आपणच आहात याचा पुरावा जोडावा. आम्ही शेजाऱ्यांनी मिळून लिहून दिलं, की हा हाच आहे. धाकटा ते घेऊन गेला.

"हा हाच आहे, मान्य," कारकून म्हणाला. "पण तेव्हा जो गेला तो हाच होता का?"

धाकट्याने पँट वर करून गुडघा दाखवला. कारकुनाने टेबलावरून वाकून नीट बघितला.

"गुडघ्यावर नाव नाही," तो म्हणाला.

तेव्हा धाकट्याने त्याचे पाय धरले. गुडघा वळत नसल्याने त्याला खाली बसता येत नाही. पाय धरायचे तर सरळ आडवं व्हावं लागतं. तसा तो कचेरीच्या फरशीवर आडवा पडला होता, आणि लोक कागद सांभाळत त्याला ओलांडून जात होते. कारकून सारखा म्हणत होता, "उठा, काका, उठा. प्रकरण वर गेलंय. माझ्या हातात काही नाही. माझे फक्त पाय आहेत, ते तुम्ही धरलेत."

थंडी सरायला लागली होती. धाकटा घरी आला तर दारात थोरला उभा. अंगात मेळाव्याचा कोट, छातीवर बिल्ला.

"चल," थोरला म्हणाला.

"कुठं?"

"दवाखान्यात. पुस्तकवाल्याला घेऊन या म्हणाली होती ना ती बाई? पुस्तकवाला मी आहे."

"अरे, पण तू लिहून दिलंस ना, मी नव्हतो म्हणून?"

"ते त्या कचेरीत. दवाखाना वेगळा. त्यांचं एकमेकांशी बोलणं आहे कुठं? तुझ्या बायकोचं आणि माझं आहे, तेवढंच त्यांचं."

धाकटीने आतून ऐकलं. "भिंतीला म्हणावं," ती म्हणाली, आणि मधे थांबून श्वास घेतला, "मरेन. पण यांची बायको म्हणून आत जायची नाही."

"ने गं," थोरली म्हणाली. तिने धाकटीचं गाठोडं बांधायलाही घेतलं होतं. "मी इतकी वर्षं वापरलाय. फार त्रास नाही त्याचा. खायला वेळेवर घातलं की गप्प असतो. फक्त परत आणून दे."

धाकटी हसायला गेली. हसायला पुरेल एवढा श्वास छातीत नव्हता. हसू अर्ध्यावर अडकलं, डोळे मोठे झाले, आणि तिने थोरलीचं मनगट असं धरलं की नखांच्या खुणा पुढे आठवडाभर होत्या. जरा वेळाने श्वास परत आला तसा तिचा हात सैल पडला. 

शेवटी धाकटाच म्हणाला, "घरटी एक माणूस मागतात. कोणी का असेना."

नशिबाने त्या दिवशी खिडकीत ती बाई नव्हती. एक मिशीवाला म्हातारा होता, स्वतः निवृत्त फौजी. त्याने पुस्तक आणि थोरल्याचं ओळखपत्र शेजारी ठेवलं. नावाला नाव जुळलं. फोटो बघितला. फोटोतल्या पोराचं डोकं भादरलेलं होतं आणि नजरेत भरत होते ते फक्त कान. कान दोघा भावांना बापाचेच मिळाले होते.

"कुठली तुकडी?"

"खेचरांची."

मिशीवाल्याने मान वर केली. "मीही वर डोंगरात होतो. तुमची खेचरं आली तर आम्हाला जेवण. तुमचं कोणतं होतं?"

"बाईसाहेब म्हणायचो तिला," थोरला म्हणाला, आणि त्याची पाठ आपोआप ताठ झाली. "बर्फात अरुंद वाटेवर बसली. मागं सगळी रांग अडली. साहेब म्हणाले, ढकला खाली. मी म्हणालो, आधी मला ढकला. माझं ब्लँकेट तिच्या अंगावर घातलं आणि मान धरून बसलो. उजाडलं तशी उठली."

"वाचली?"

"वाचली म्हणजे काय. नंतर कितीतरी वर्षं होती. मी सुटून निघालो तेव्हा फाटकापर्यंत सोडायला आली होती."

मिशीवाल्याने रुमाल काढून नाक पुसलं. मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन धाकटा बसला होता. बाईसाहेब वाचली, हे त्याला आजच कळत होतं. त्याच्या वेळी ती उजाडल्यावर उठली नव्हती. त्याचा गुडघा तिच्या अंगाखाली सापडूनच गेला होता.

"आणि हे काय?" मिशीवाल्याने पान उलटलं. "उजवा गुडघा वळत नाही असं लिहिलंय. तुम्ही तर टाचा जुळवून उभे आहात."

धाकट्याच्या हातातला डबा वाजला.

"आज ऊन आहे," थोरला म्हणाला. "उन्हात वळतो."

"माझ्या खांद्याचंही तसंच आहे," मिशीवाला म्हणाला आणि शिक्का मारला. मग त्याची नजर बाकाकडे गेली. "हे कोण?"

"धाकटा भाऊ. शेती करतो."

"बरं आहे. कुणीतरी घर धरून राहायला लागतंच," मिशीवाला धाकट्याला म्हणाला. धाकट्याने मान हलवली.

थोरला खिडकीपासून निघाला तो लंगडत. डावा पाय ओढत होता. मिशीवाल्याच्या ते लक्षात आलं नाही.

दवाखान्याने थोरल्याला आणि धाकटीला शेजारी बसवून फोटो काढला आणि कार्डावर चिकटवून दिला. फोटोत धाकटी भिंतीकडे बघते आहे. ऑपरेशनच्या कागदावर पती म्हणून थोरल्याने सही केली. सही करून झाल्यावर नर्सने त्याला पाणी आणून दिलं. धाकट्याला कुणी पाणी विचारलं नाही, तो दीर होता. तो दाराबाहेर उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. आत तिची छाती उघडली होती आणि बाहेर तो भिंतीचा रंग नखाने खरवडत होता. दार उघडलं तेव्हा त्याच्या पायाशी पांढरा भुगा पडला होता.

"यांचे मिस्टर कोण?" नर्सने विचारलं.

धाकटा वळला. गुडघ्यामुळे त्याला वळायला वेळ लागतो. तोवर थोरला आत गेला होता.

धाकटीने डोळे उघडले. छातीत नवी झडप टिकटिकत होती. समोर थोरला दिसला. "भावजी," ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांत हे तिचं त्याच्याशी थेट पहिलं बोलणं, "बटाट्यांवर ताडपत्री घातली का?"

"भावजी?" नर्स म्हणाली.

"गुंगीत आहे," थोरला म्हणाला. "घातली गं, घातली."

ती घरी आली. झडप धातूची आहे. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्यायच्या, आणि त्या आणायला व तपासणीला त्याच दवाखान्यात तेच कार्ड दाखवून जायचं, असं तिला सांगितलं होतं. ती आडवी होऊन झोपू लागली. थोरल्याशी तोंडावर बोलू लागली. बहुतेक भांडायचीच, पण मधे श्वास न घेता सलग भांडायची, आणि धाकटा ते अंगणात बाजेवर बसून ऐकत राहायचा. थोरला पुन्हा दुकानापुढच्या बाकावर आला. लंगडणं त्याने सोडलं नाही.

मधे धाकटा कचेरीपर्यंत जाऊन आला. टायपिंगवाल्याला म्हणाला, "तो अर्ज मागं घेऊ का? आता गरज नाही."

"मागं घ्यायलाही अर्ज लागतो," टायपिंगवाला म्हणाला. "कशाला उगाच? पडू दे तिथंच. माझा लौकिक मी तुम्हाला सांगितलाच आहे."

अर्ज मंजूर झाला.

पोस्टमनने पाकीट आणलं आणि यावेळी कुणाचं नाव पुकारायचं हे त्याला क्षणभर कळेना. पत्रात लिहिलं होतं की सखोल चौकशीअंती अर्जदाराचं म्हणणं खरं असल्याचं आढळून आलं, सबब सैनिकाचं नाव दुरुस्त करून अर्जदाराचं लावण्यात येत आहे, आणि पूर्वीच्या नावाची कोणतीही व्यक्ती फौजेत नव्हती. टायपिंगवाल्याने त्या पत्राची प्रत काच लावून आपल्या झाडाला टांगली. पुढाऱ्याने गवंडी बोलावून दगडावरचं थोरल्याचं नाव तासून काढलं. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. थोरला आला नाही.

पत्राच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती: प्रत, फौजेचा दवाखाना, माहितीसाठी. ती आमच्यापैकी कुणी वाचली नाही. पुढच्या तपासणीला थोरला आणि धाकटी गेले तेव्हा खिडकीत ती पहिली बाई होती. तिने कार्ड घेतलं आणि परत दिलंच नाही.

"हे बंद झालंय. या नावाचा सैनिक नाही. नसलेल्या सैनिकाला बायको कशी असेल?"

"मग ज्याचं नाव आहे तो आला तर?" थोरल्याने विचारलं.

"आला तर त्याची बायको घेऊन येईल. ही तर तुमची आहे, फोटो आहे माझ्याकडे." तिने दोघांकडे नीट बघितलं. "की नाही?"

दोघे गोळ्या न घेता परत आले. घरात डबीच्या तळाशी काही गोळ्या होत्या. धाकटी त्या अर्ध्या करून घेऊ लागली. छातीतली टिकटिक तिला स्वतःला ऐकू यायची. आता ती बोलता बोलता मधेच थांबायची आणि ऐकायची, आणि ती थांबली की आम्हीही थांबायचो.

"उलटा अर्ज करू," शेवटी थोरला म्हणाला. "तुझं नाव चुकून लागलंय म्हणू. माझंच बरोबर होतं म्हणू. मी लिहून देतो, की मी होतो."

"आणि मी?"

"तू लिहून दे, की तू नव्हतास."

"मी नव्हतो," धाकट्याने म्हणून बघितलं. जड गेलं नाही. तो इतकी वर्षं नव्हताच.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोघे भाऊ पहिल्या गाडीने निघाले, एक उजव्या पायाने लंगडत आणि एक डाव्याने. धाकटीने दारातून डबा दिला. अर्जाचा मजकूर त्यांनी वाटेत पाठ केला.

कचेरीला त्या दिवशी सुट्टी होती.